जाणत्या स्वप्नात नीट कसं पाहायचं आणि सकाळी ते कसं आठवायचं

माझं पहिलं जाणतं स्वप्न दहा-बारा सेकंदांत आटोपलं. एसटी स्टँडवर उभी होते. समोरच्या गाडीची पाटी वाचली, पुन्हा वाचली तर गावाचं नाव बदललेलं. डोक्यात लख्ख प्रकाश पडला, हे स्वप्न आहे! आणि पुढच्याच क्षणी, व्होल्टेज उतरल्यावर बल्ब मिणमिणावा तसं सगळं फिकं झालं. जागी झाले तेव्हा त्या पाटीवर आधी कोणतं नाव होतं आणि नंतर कोणतं आलं, यातलं एकही आठवेना.

या वाटेला नव्याने लागलेल्या बहुतेकांची हीच तक्रार असते. स्वप्नात भान येतं, पण दिसतं धूसर. आणि जे दिसलं ते चहा होईपर्यंतही टिकत नाही. आठ वर्षं स्वप्नं वहीत उतरवल्यावर माझं ठाम मत झालंय की या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे. जे निरखून पाहिलं जातं ते स्पष्टही होतं आणि लक्षातही राहतं. त्यामुळे पुढच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्या. आठवण्याची सवय लागण्याआधी स्वप्नात भान आणायच्या मागे लागू नका, कारण भान आलेलं स्वप्न सकाळी विसरलात तर ते पडलं होतं हेही तुम्हाला कळणार नाही.

झोपेत नेमकं काय होतं

स्वप्न चालू असताना 'हे स्वप्न आहे' असं समजणं म्हणजे ल्युसिड ड्रीम. डच मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक फान एडन यांनी १९१३ मध्ये हा शब्द रूढ केला. मी त्याला जाणतं स्वप्न म्हणते. अनुभव अर्थातच फार जुना आहे. तिबेटी बौद्ध परंपरेत स्वप्नयोगाची रीतसर साधना शतकानुशतकं चालत आली आहे.

शिकागो विद्यापीठातल्या युजीन असेरिन्स्की आणि नॅथनिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये झोपेची एक वेगळी अवस्था नोंदवली. तिच्यात मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात. हीच रेम झोप. ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं मुख्यतः तिच्यातच पडतात. या वेळी हातपाय जवळजवळ लुळे असतात, पण डोळ्यांचे स्नायू मोकळे असतात. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी १९७५ मध्ये याचाच उपयोग केला. ॲलन वर्स्ली नावाच्या स्वयंसेवकाने स्वप्नात भान आल्यावर ठरल्याप्रमाणे डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवले आणि ती खूण यंत्राच्या कागदावर उमटली. माणूस झोपलेला असूनही भानावर असू शकतो याचा तो पुरावा होता. पुढे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनी हे काम वाढवलं.

आपल्या विषयासाठी २०१८ साली प्रसिद्ध झालेला लाबर्ज आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. जागेपणी हलतं बोट पाहताना आपली नजर त्याच्यामागे सलग सरकते. डोळे मिटून तेच बोट नुसतं कल्पनेत आणलं तर नजर तुटक उड्या मारते. जाणत्या स्वप्नात मात्र ती सलग सरकते, अगदी जागेपणी पाहताना सरकते तशी. म्हणजे डोळ्यांच्या हालचालीपुरतं तरी स्वप्नातलं दिसणं कल्पनेपेक्षा खऱ्या पाहण्याला जवळचं आहे. हे लक्षात ठेवा. स्वप्न धूसर झालं की नवखा माणूस मनाने जोर लावून चित्र उभं करायला जातो. जोर लावायचा नसतो. नजर द्यायची असते.

पहिली पायरी: पहाटेची झोप वाचवा

झोपेचं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं असतं आणि प्रत्येक आवर्तनात रेमचा वाटा येतो. रात्री सुरुवातीला तो काही मिनिटांचाच असतो. पहाटेकडे वाढत वाढत अर्ध्या तासापर्यंत किंवा त्याहूनही लांबतो. बारा वाजता झोपून पाचच्या गजराला उठणारा माणूस झोप तर कमी घेतोच, शिवाय स्वप्नांचा सर्वांत सकस भाग कापून टाकतो. सात-आठ तास झोप आणि ठरलेली वेळ, एवढं जमल्याशिवाय पुढे जाऊ नका. रात्री दारू घेत असाल तर तिनेही रेम झोप दबते.

दुसरी पायरी: जाग आल्यावर हलू नका

रेम झोपेत मेंदूतलं नॉरॲड्रेनलिन हे रसायन अगदी खाली गेलेलं असतं. आठवण पक्की करायला ते मदत करतं, म्हणून स्वप्न डोक्यात सैल बसतं आणि जाग आल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांतच निसटायला लागतं. या मिनिटांवरच सगळं अवलंबून आहे.

जाग आली की डोळे उघडू नका, कूस बदलू नका, आज सोमवार आहे का याचा विचार करू नका. फक्त विचारा, आत्ता काय चाललं होतं? उत्तर लगेच येत नाही. थांबा. बहुतेक वेळा आधी एखादी भावना हाताला लागते, घाई, ओशाळलेपण, कुणाची तरी आठवण. तिला धरून मागे जा: घाई कसली होती? कुठे निघाले होते? सोबत कोण होतं? उलट्या क्रमाने दुवा लागत जातो. काहीच मिळालं नाही तर हळूच दुसऱ्या कुशीवर वळा आणि पुन्हा विचारा. ज्या कुशीवर स्वप्न पडलं त्या कुशीवर परत गेलं की ते कधी कधी अख्खं समोर येतं. असं का होतं ते मला माहीत नाही, पण माझ्या वहीत याची कितीतरी उदाहरणं आहेत.

मोबाइल खोलीबाहेर ठेवा. गजरासाठी टिकटिक घड्याळ घ्या. गजर बंद करायला फोन उचलला की व्हॉट्सॲपवरचे तीन मेसेज दिसतात आणि स्वप्न तिथेच संपतं.

तिसरी पायरी: वही

साधी शंभर पानी वही उशाशी उघडी ठेवा. पेन तिला दोऱ्याने बांधून टाका, अंधारात चाचपडण्यातच निम्मं स्वप्न जातं. रात्री मध्येच जाग आली तर दिवा न लावता तीनच शब्द लिहा. वाक्य नको. सकाळी त्या तीन शब्दांवरून बाकीचं ओढून काढता येतं.

सकाळी लिहिताना वर्तमानकाळात लिहा आणि प्रत्येक स्वप्नाला नाव द्या. नवखे लोक फक्त कथानक लिहितात: 'परीक्षा होती, पेपर कोरा गेला.' यातून आठवण सुधारेल, स्पष्टता नाही. दिसलेलं लिहा. उजेड कुठून येत होता, कुठला रंग उठून दिसत होता, कोणती वस्तू हाताच्या अंतरावर होती. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे:

'जिना. मी वर चढतेय. उजेड डावीकडून, पिवळट, संध्याकाळचा. कठडा लाकडी, एका जागी गुळगुळीत झिजलेला. वरून कुणीतरी वाटणाचा आवाज करतंय. पाय अनवाणी, पायरी गार. चेहरे आठवत नाहीत.'

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. जे आठवत नाही तेही लिहा. चारदा 'चेहरे आठवत नाहीत' असं लिहिलं की पाचव्यांदा स्वप्नातच नजर चेहऱ्याकडे जाते. जमत असेल तर जागेचं वेडंवाकडं चित्र काढा. पान कोरं सोडू नका. 'काही आठवत नाही, मन जड आहे' एवढं तरी लिहाच. बहुतेकांना दोन-तीन आठवड्यांत रोज एक स्वप्न आठवायला लागतं.

चौथी पायरी: दिवसा करायच्या दोन गोष्टी

वहीची वीसेक पानं भरली की पेन्सिल घेऊन बसा आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टींखाली रेघ ओढा. सुटलेली गाडी, न लागणारा फोन, घरात शिरलेलं पाणी, हयात नसलेलं माणूस. या तुमच्या स्वप्नखुणा. दिवसा यांच्यासारखं काही घडलं, गाडी चुकली, फोन लागेना, की थांबा आणि मनापासून विचारा: मी आत्ता स्वप्नात तर नाही ना? मग तपासा. नाक चिमटीत धरून श्वास घ्या. स्वप्नात बहुधा तो आत जातो. एखादी पाटी वाचा, नजर काढा, पुन्हा वाचा. स्वप्नात अक्षरं बदलतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल थोली यांनी ही प्रश्न विचारण्याची पद्धत बारकाईने मांडली. त्यातला प्राण नाक धरण्यात नसून शंकेत आहे. दिवसातून पाच-सहा वेळाच करा, पण करताना आजूबाजूला खरोखर पाहा. इथे कशी आले? दहा मिनिटांपूर्वी कुठे होते? यंत्रासारखं नाक धरलं तर स्वप्नातही यंत्रासारखंच नाक धराल आणि पुढे चालू लागाल.

दुसरी गोष्ट म्हणजे पाहण्याचा सराव. रोज एक वस्तू घ्या. लिंबू, पितळी पेला, काथ्याची दोरी, काहीही. दोन मिनिटं ती फिरवून, हाताळून पाहा. सालीवरचे बारीक खड्डे, देठाजवळचा हिरवटपणा, उजेडाची बाजू आणि सावलीची बाजू, वास, वजन. मग डोळे मिटून तीच वस्तू आठवा आणि काय निसटलं ते पाहण्यासाठी पुन्हा डोळे उघडा. माझ्या स्वप्नांतले रंग या सरावाने जितके खुलले तितके दुसऱ्या कशाने खुलले नाहीत.

पाचवी पायरी: पहाटे उठून पुन्हा झोपणं

आता भान आणायचा प्रयत्न. हे फक्त दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हा, आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. रात्री अकराला झोपलात तर चारचा गजर लावा. उठा, वीस-तीस मिनिटं जागे राहा, मंद दिव्यात वहीतली जुनी स्वप्नं वाचा. मग आडवं होऊन नुकतंच पडलेलं स्वप्न मनात पुन्हा चालवा. त्यातल्या एखाद्या खुणेपाशी थांबा आणि तिथे स्वतःला भान आलं असं पाहा. सोबत मनात म्हणा: 'पुढच्या वेळी स्वप्न पडेल, तेव्हा हे स्वप्न आहे याची मला आठवण होईल.' झोप लागेपर्यंत हेच करायचं. ही लाबर्ज यांची पद्धत. बाजारातून काही आणताना 'येताना दूध घ्यायचंय' हे जसं मनात धरून ठेवतो, तसंच हे पुढचं काहीतरी आठवणीने करायचं ठरवणं आहे. म्हणून वाक्य जपासारखं नुसतं घोकू नका, दर वेळी त्याचा अर्थ मनात आणा.

सहावी पायरी: भान आल्यावरचं पहिलं अर्धं मिनिट

भान आलं की आनंदाने उडायला जावंसं वाटतं. तसं केलंत तर बहुधा जागे व्हाल. आधी जागचे हलू नका. तळहात एकमेकांवर घासा आणि त्यांची ऊब, घर्षण जाणवू द्या. हात पाहा, रेषा पाहा. मग हाताशी असलेल्या वस्तूला स्पर्श करा. भिंत, कापड, माती. स्पर्श आधी पक्का होतो, दिसणं त्याच्या मागोमाग येतं. त्यानंतर नजर जवळून दूर न्या: हात, जमीन, खोली, खिडकीबाहेरचं. एका वस्तूवर काही क्षण, मग दुसरीवर, मग परत पहिलीवर.

नजर एका ठिकाणी रोखून मात्र धरू नका. दिवसा त्राटक करणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. एका स्थिर बिंदूवर डोळे रोखले तर स्वप्न विरतं. थोली यांनी तर स्वप्नातून बाहेर पडायचा मार्ग म्हणूनच हे सांगितलं होतं. निरखायचं, पण नजर वस्तूच्या अंगावरून फिरती ठेवून.

मागच्या मे महिन्यात मी स्वप्नात आजोळच्या माजघरात होते. ते घर पाडून आता तिथे स्लॅबचं घर उभं आहे, त्यामुळे पाऊल टाकताक्षणीच भान आलं. पण काही दिसेना, नुसता राखाडी अंधार. बटण दाबलं, दिवा लागला नाही. स्वप्नात दिवे लावायला गेलं की ते बहुतेक वेळा लागत नाहीत. हर्न यांनी १९८१ मध्ये याची नोंद केली आहे. म्हणून बटणाशी झगडत बसले नाही. खाली बसले आणि जमिनीवर हात टेकला. गार, किंचित खरखरीत. सारवलेली जमीन. हात फिरवला तसे बोटांचे अर्धगोल दिसायला लागले, एकावर एक, माशाच्या खवल्यांसारखे. एका अर्धगोलात गवताची काडी अडकली होती, पिवळीधमक, तिच्या टोकाला जरासा शेणाचा हिरवा. त्या काडीवरून नजर पुढे सरकली तर मागच्या दारातून आलेली उन्हाची पट्टी जमिनीवर पडली होती आणि तिच्यात धूळ तरंगत होती. पट्टीच्या पलीकडे तांब्याचा हंडा, काठाजवळ चेपलेला. अंधार कधी गेला ते कळलंही नाही.

असं छोट्यातून सुरू करा. दृश्य फिकं पडायला लागलं की पुन्हा हात घासा, किंवा उभ्याने स्वतःभोवती गिरकी घ्या; दोन्ही उपाय लाबर्ज यांनी तपासले आहेत. गिरकीने जागा बदलू शकते, म्हणून मला हात घासणंच बरं वाटतं. 'अजून स्पष्ट दिसू दे' असं मोठ्याने म्हणण्याचाही उपयोग होतो. तेवढा वेळ डोळे मिटू नका. आणि अंधाऱ्या खोलीत अडकलात तर दार उघडून, पलीकडे ऊन आहे असं धरून बाहेर पडा.

सातवी पायरी: बाहेर येताना

सुरुवातीला लांब स्वप्नाचा हट्ट नको. दोन-तीन मिनिटांचं जाणतं स्वप्न पूर्ण आठवणं, हे अर्ध्या तासाचं विसरण्यापेक्षा कितीतरी चांगलं. आत असतानाच तीन वस्तू निवडा आणि त्यांची नावं मोठ्याने उच्चारा. त्या माजघरात मी 'काडी, हंडा, मागचं दार' असं म्हणत राहिले. जाग आल्यावर तेच तीन शब्द तोंडात होते आणि त्यांना धरून बाकीचं सगळं पानभर उतरलं.

स्वप्न विरलं तरी लगेच हालचाल करू नका. निश्चल पडून शेवटची वस्तू मनात धरली तर कधी कधी त्याच जागी परत जाता येतं. नाही गेलात, तर दुसऱ्या पायरीवरचं काम सुरू करा.

आणि एक धोका ओळखून ठेवा, तो म्हणजे खोटी जाग. आपण उठलो, वही घेतली, दोन पानं भरून लिहिली, समाधानाने टेकलो, आणि मग खरी जाग येते तेव्हा पान कोरं! माझ्या बाबतीत हे इतक्या वेळा झालंय की आता प्रत्येक वेळी उठल्यावर पहिलं नाक धरून पाहते. याचा फायदाही आहे. खोटी जाग पकडली गेली की अगदी ताजं जाणतं स्वप्न हातात असतं, आणि तेही ओळखीच्या खोलीत.

कुणी सांभाळून, कुणी मुळीच नको

भास होणं, खरं आणि मनातलं यांत गोंधळ उडणं असा त्रास ज्यांना आहे किंवा पूर्वी झाला आहे, त्यांनी हा सराव करू नये. निद्रानाश असेल तर पहाटेचा गजर लावू नका; पहिल्या तीन पायऱ्या चालतील. उदासीनतेवरच्या काही औषधांनी रेम झोप कमी होते, पण त्यासाठी औषध आपल्या मनाने बंद करणं घातक आहे. स्वप्नं वाढवणाऱ्या गोळ्या मागवू नका. झोपेत खरोखर लाथा-बुक्के मारले जात असतील, अंथरुणावरून पडायला होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

पहाटे उठून पुन्हा झोपताना कधी जाग येऊनही अंग हलत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, खोलीत कुणीतरी आहे असं भासतं. रेम झोपेतला लुळेपणा जागेपणात काही क्षण रेंगाळल्याने हे होतं. घाबरवणारं असतं, पण ते बाहेरचं काही नसतं आणि थोड्या वेळात आपोआप सुटतं. श्वास संथ ठेवा, हाताचं एकच बोट हलवायचा प्रयत्न करा. वरचेवर होत असेल तर पाचवी पायरी महिनाभर थांबवा आणि झोप भरून काढा.

किती दिवस लागतात

माणसागणिक फरक पडतो. मला पहिलं जाणतं स्वप्न वही सुरू केल्यावर सात आठवड्यांनी पडलं, आणि रंग नीट दिसायला वर्ष गेलं. मध्ये असे पंधरवडे येतात की वहीत नुसतं 'काही नाही' एवढंच राहतं, विशेषतः प्रवासात, लग्नसराईत, आजारपणात. तेव्हा पहाटेचा गजर बंद करा, नाक धरणं बंद करा, आणि फक्त दोनच गोष्टी चालू ठेवा: रात्री झोपण्याआधी पुढच्या पानावर तारीख घालून ठेवायची, आणि जाग आल्यावर न हलता एकदा विचारायचं, आत्ता काय चाललं होतं?